टोपाखालची वेणी घट्ट नको, सपाट हवी

नाशिकमधील एका हौशी नाट्यसंस्थेत काम करणाऱ्या तरुणीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचे केस सरळ, दाट आणि कमरेपर्यंत लांब आहेत. राज्य नाट्य स्पर्धेच्या नाटकात त्या सत्तरीच्या, पाठीतून वाकलेल्या आजीची भूमिका करीत असून त्यासाठी पांढऱ्या केसांचा, मागे लहानसा अंबाडा असलेला टोप वापरायचा आहे. तालमींसाठी त्यांनी पार्लरमधून डोक्यालगत बारीक, घट्ट वेण्या घालून घेतल्या आणि उरलेले शेपटे टाळूच्या मागे गुंडाळून बांधले. टोप मानेकडून वर सरकतो, डोके मागून उंच दिसते, तासाभरात कानशिले ठणकू लागतात आणि तीन आठवड्यांत कानांच्या वरचे केस विरळ झाल्यासारखे वाटतात. केस कापून टाकावेत का, वेण्या आठवडाभर तशाच ठेवल्या तर चालतील का आणि तेल लावावे का, हेही त्यांनी विचारले आहे.

तुमच्या पत्रातील शेवटची तक्रार मी आधी घेते, कारण टोप नीट बसला नाही तर एक प्रयोग बिघडेल, पण कानशिलावरचे केस कायमचे गेले तर ते कोणत्याही नाटकासाठी मोजावी अशी किंमत नव्हे. त्या घट्ट वेण्या आजच सोडा आणि निदान दोन-तीन आठवडे केस सैल बांधा. केसाच्या मुळावर सतत ताण पडत राहिला की मूळ हळूहळू सैल होते, केस बारीक होतो आणि मग गळतो. हे वेळीच लक्षात येऊन ताण थांबला तर केस बहुधा परत येतात. महिनोन्‌महिने किंवा वर्षानुवर्षे तसेच चालू राहिले तर मुळाच्या जागी व्रण धरतो आणि तेथे पुन्हा केस उगवत नाही. या विकाराची पहिली वैद्यकीय नोंद 1907 साली ग्रीनलंडमधील स्त्रियांविषयी झाली; त्या केस मागे ओढून घट्ट बांधत आणि त्यांची कपाळावरची केसांची कड मागे हटत गेली होती. शीख पुरुषांमध्ये घट्ट जुड्यामुळे आणि आपल्याकडे वर्षानुवर्षे ओढून घातलेल्या वेणीमुळे हाच प्रकार दिसतो. घट्ट वेणी घातली की केस वाढतात, असे ऐकत आपण सगळ्या शाळेच्या दोन वेण्या घालून वाढलो. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात आणि ती वाढ त्वचेच्या आत, मुळाशी होते. बाहेरून ओढल्याने तीत काहीही भर पडत नाही.

विरळ झालेल्या जागी मुळांशी बारीक पुटकुळ्या, लाली किंवा खपली दिसत असेल, अथवा कपाळाच्या अगदी कडेला केसांची एक बारीक झालर शिल्लक असून तिच्या मागची जागा उघडी पडत असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवण्यास उशीर करू नका. हे काम केशभूषाकाराचे नाही आणि घरगुती उपायांचेही नाही.

आता मूळ गोष्टीकडे येते. टोपाखाली वेण्या घालतात त्या केस जखडून टाकण्यासाठी, असा समज पार्लरमध्ये सर्रास आढळतो, आणि वेणी जितकी घट्ट तितका टोप पक्का, असे त्यापुढचे गणित मांडले जाते. ते चुकीचे आहे. टोप धरून ठेवतात त्या योग्य मापाच्या टोपाची कड आणि योग्य जागी अडकवलेल्या पिना. वेणीची कामे दोनच: सगळे केस डोक्याच्या आकाराबरहुकूम सारखे पसरवणे आणि पिनेला अडकायला दोरासारखा आधार देणे. या दोन्ही कामांना वेणी सपाट असावी लागते, घट्ट असावी लागत नाही.

हे मीही पहिल्यापासून जाणत नव्हते. केशभूषेच्या या कामाला लागले त्या सुरुवातीच्या वर्षांत एका मुलीच्या डोक्यावर मी टोपासाठी अशा घट्ट वेण्या घातल्या की तिच्या भुवयांची टोके वर चढली. आरशात पाहून ती म्हणाली, “ताई, चेहरा वेगळाच दिसतोय,” आणि मी त्याचे श्रेय रंगभूषेला दिले. पहिला अंक संपताच ती विंगेत येऊन भिंतीला टेकून बसली. तिला मळमळत होते आणि डोक्याला हात लावू देत नव्हती. मध्यंतरात टोप काढून पुढच्या चार वेण्या मी सोडल्या, केस नुसतेच ओल्या हाताने मागे बसवले आणि टोपाखालची जाळी चढवून टोप परत घातला. दुसऱ्या अंकात टोप तसूभरही हलला नाही. त्या दिवसापासून पुढची वेणी मी कधीही ओढून घातलेली नाही आणि प्रत्येकीला आरशासमोर बसवून तीन गोष्टी करायला लावते: भुवया उंचवायच्या, तोंड मोठे उघडायचे आणि हनुवटी छातीला लावायची. यांपैकी कशातही कातडी ओढल्यासारखी वाटली तर ती वेणी सोडून पुन्हा घालायची, मग तिसरी घंटा व्हायला दहा मिनिटे उरलेली का असेनात.

तुमचा टोप मानेकडून वर का सरकतो, याचे उत्तर टाळूमागच्या त्या गुंडाळीत आहे. टोप घेताना सहसा डोक्याचा घेर तेवढा मोजला जातो. प्रौढ स्त्रीचा घेर बहुतेक वेळा 54 ते 57 सेंटिमीटरच्या दरम्यान असतो आणि तयार टोपही त्याच बेताने शिवलेले असतात. पण दुसरे एक माप तितकेच महत्त्वाचे आहे: कपाळावरील केसांच्या कडेपासून टाळूवरून मागे मानेच्या खोलगट भागापर्यंतचे. मध्यम टोपात हे माप साधारण 35-36 सेंटिमीटर असते. डोक्यावर शेपट्यांचा उंचवटा केला की घेर जवळपास तोच राहतो, त्यामुळे मापात काही चुकले आहे असे वाटत नाही. परंतु कपाळ ते मान हे अंतर त्या उंचवट्यावरून जाताना सहज दोन-तीन सेंटिमीटरने वाढते. टोपाचे कापड तर वाढत नाही. मग ते जिथे मोकळे असेल तिथून, म्हणजे मानेकडून, वर येते. तुमची आजी वाकलेली आहे, म्हणजे मान सतत पुढे झुकलेली आणि मानेमागची कातडी ताणलेली. तेव्हा हे आणखी लवकर होणार. घरी शिवणाची टेप घ्या, केस मोकळे असताना आणि वेण्या घालून झाल्यावर अशी दोनदा ही दोन्ही मापे घ्या. दोहोंतला फरक एक सेंटिमीटरच्या आत राहिला तर वेण्या बरोबर पडल्या असे समजा.

तुमच्या पार्लरमधील मुलीने जी पद्धत वापरली ती कॉर्नरोज या नावाने ओळखली जाते. मुळात ती आफ्रिकेतील आणि तेथून अमेरिकेत गेलेल्या कृष्णवर्णीय समाजातील स्त्रियांची फार जुनी विद्या आहे. मक्याच्या शेतातील ओळींवरून हे नाव पडले. कॅरिबियन बेटांवर त्याच वेण्यांना उसाच्या ओळींचे नाव आहे, आणि निफाडकडच्या उसाच्या सऱ्या पाहिलेल्या कोणालाही ते लगेच पटेल. त्यांचे केस घट्ट वळणाचे असल्याने एक पेड दुसऱ्याला आपोआप धरून ठेवतो. वेणी बारीक असूनही उलगडत नाही आणि नीट, बेताच्या ताणाने घातलेली असेल तर टोपाखाली काही आठवडे टिकते. आपले सरळ, गुळगुळीत केस पेडातून निसटतात. ते निसटू नयेत म्हणून घालणारी व्यक्ती हात आवळते आणि तो सगळा ताण केसाच्या मुळावर जातो. दोष त्या पद्धतीचा नाही. वेगळ्या पोताच्या केसांवर ती जशीच्या तशी लादल्याचा आहे.

तुमच्या केसांना मी सागरवेणीचाच प्रकार सुचवेन, पण एक नव्हे, सात किंवा आठ. कॉर्नरोजमध्ये कडेचे पेड मधल्या पेडाच्या खालून जातात, त्यामुळे वेणी डोक्यावर दोरीसारखी उठून दिसते. सागरवेणीत कडेचे पेड वरून जातात आणि वेणी केसांतच दबून राहते. दाट आणि लांब केसांवर हा फरक बोटाला स्पष्ट जाणवतो.

केस आदल्या दिवशी धुवा, आणि शक्यतो दुपारी, कारण स्पर्धेची प्राथमिक फेरी थंडीच्या सुमारास आली तर नाशिकच्या हवेत कमरेपर्यंतचे दाट केस संध्याकाळी धुऊन रात्रीत मुळापर्यंत वाळतच नाहीत. ओल्या केसांवर वेणी घालू नये. ओला केस जास्त ताणला जातो, ओढ सहन करण्याची त्याची ताकद कमी झालेली असते, आणि आत अडकलेला ओलावा जाळी व टोप यांच्याखाली तासन्‌तास राहून डोक्याला खाज आणि कुबट वास आणतो. कंडिशनर लावायचा असेल तर तो फक्त खालच्या निम्म्या केसांना लावा. तेलाचे उत्तर असे: धुण्याच्या आदल्या रात्री खोबरेल अवश्य लावा, केसांना त्याचा फायदाच होतो, प्रयोगाच्या दिवशी एक थेंबही नको. तेलकट केसात पिना सरकतात, कपाळावर स्पिरिट गम (टोपाची कड कातडीला चिकटवण्याचा डिंक) धरत नाही आणि ज्यांना कोंड्याचा त्रास आहे त्यांचा कोंडा टोपाखालच्या उबेत वाढतो. केस फारच निसटते असतील तर भांगापुरते थोडे कोरफडीचे जेल बोटांनी लावा.

वेण्या घालताना कपाळावरून मागे सरळ रेषेत भांग पाडा. लांब दांडीचा कंगवा असेल तर दांडीच्या टोकाने भांग स्वच्छ पडतो. दोन भांगांमधली पट्टी सव्वा ते दीड इंचाची ठेवा. कपाळ, कानशिले आणि मान यांच्या कडेचे एक बोटभर रुंदीचे केस वेणीत घेऊच नका. हे केस सर्वांत बारीक आणि नाजूक असतात, आणि तुमचे आधीच दुखावलेले आहेत. ते शेवटी पाण्याच्या हाताने मागे बसवले म्हणजे पुरे. पहिले तीन पेड घेताना बोटे डोक्याला टेकलेली राहू द्या आणि हात वर उचलू नका. वेणी फुगते ती बहुधा इथेच, कारण घालणारी व्यक्ती उभी राहून केस आपल्याकडे ओढते आणि वेणी हवेत विणली जाऊन मग खाली पडते. हात डोक्यालगत ठेवला की ओढ न देताही वेणी आपोआप लगत बसते. प्रत्येक वळणाला थोडेच केस घ्या. मानेपर्यंत आल्यावर पुढे साधी तिपेडी वेणी शेवटपर्यंत घाला आणि टोकाला मऊ, कापड गुंडाळलेले लहान रबर लावा. नोटांच्या गड्डीला लावतात ते नुसते रबर केस तोडते.

आता तुमच्या हातात मानेपासून खाली लोंबणारे, प्रत्येकी दीड-दोन फुटांचे सात-आठ शेपटे आहेत आणि सगळी कसोटी इथे आहे. ते एकत्र करून कुठेही अंबाडा बांधायचा नाही. डोक्याच्या मागे एक हाडाचा उंचवटा असतो आणि त्याच्या खाली, मानेच्या वर, खोलगट जागा असते. उजवीकडचा शेपटा डावीकडे आणि डावीकडचा उजवीकडे असे आडवे नेत, आधी ही खोलगट जागा भरून काढायची. ती भरली की उरलेली लांबी मागच्या बाजूला नागमोडी वर न्यायची, पण एकावर एक थर न चढवता शेजारी शेजारी, चटईच्या पट्ट्या लावतात तशी. टाळूपर्यंत जायची वेळ सहसा येत नाही. आलीच तर टाळूवर एकच थर ठेवा. पिनांनी हे सगळे सपाट राहत नाही, म्हणून मी ते शिवते. स्वेटरचे भाग जोडायला वापरतात ती बोथट टोकाची जाड सुई आणि सुती दोरा घ्यायचा आणि वेणीतून वेणीत मोठे, सैल टाके घालायचे. सुई वेणीच्या वरच्या भागातून जाते, डोक्याला लागत नाही. दोरा मात्र लाल घ्या. काळ्या केसांत काळा दोरा घालून प्रयोगानंतर रात्री अकरा वाजता, थकलेल्या हातांनी, मंद दिव्यात तो कातरीने कापायला बसल्यावर काय होते हे मी एकीच्या हातभर कापल्या गेलेल्या बटेच्या रूपाने पाहिले आहे.

तुमचा टोप पांढरा आहे, म्हणून जाळीकडे विशेष लक्ष द्या. पांढऱ्या केसांची वीण विरळ असते, आणि रंगमंचावरच्या वरून येणाऱ्या प्रकाशात खालचे काळे केस त्यातून राखाडी सावलीसारखे दिसतात. काळी जाळी वापरली तर आजी डाय लावून विसरल्यासारखी दिसेल. आपल्या कातडीच्या रंगाला जुळणारी जाळी घ्या, आणि ती एकेरी पुरत नसेल तर त्याच रंगाच्या मलमलीची टोपी शिंप्याकडून बेतून घ्या. मलमल घामही टिपते. जाळी कपाळाच्या केसांच्या कडेमागे अर्धा इंच ठेवून कानांमागे दोन आणि मानेवर दोन पिनांनी वेण्यांना अडकवा. कपाळाच्या कडेचे जे केस बाहेर राहतील त्यांना पांढरा रंग ब्रशने टोकाकडून मुळाकडे लावा, म्हणजे टोपाची कड आणि तुमचे केस यांच्यामध्ये काळी रेघ राहणार नाही.

टोप चढवताना आधी कपाळ, मग मान. दोन्ही कानांपुढच्या पट्ट्या एका रेषेत आल्या की टोप सरळ बसला. पिना टोपाच्या जाळीत अडकवू नका, ती फाटते. कडेच्या शिवलेल्या पट्टीतून घाला, खालच्या वेणीत शिरू द्या आणि मग डोक्याला समांतर आडवी करा. वेणीत शिरलेली पिन हाताला कळते: मोकळ्या केसांत ती सुळकन जाते, वेणीत किंचित अडून जाते. प्रत्येक जागी दोन पिना एकमेकींवर फुलीसारख्या घाला. कानांमागे आणि मानेवर दोन-दोन जागा धरल्या तर कपाळावर फार काही लागत नाही, आणि तुम्ही कानशिलावर सध्या एकही पिन लावू नये. मानेच्या पिना लावताना तुम्ही आजीसारख्या वाकून बसा. ताठ बसून लावलेल्या पिना वाकल्याबरोबर ओढ घेतात; वाकून लावलेल्या पिना ताठ उभे राहिल्यावर किंचित सैल होतात, इतकेच. कपाळावरची बारीक जाळीची कड चिकटवली असेल तर ती प्रयोगानंतर गम विरघळवणाऱ्या द्रवानेच सोडवा, ओढून नव्हे.

वेण्या आठवडाभर ठेवण्याविषयी माझे स्पष्ट मत नाही असे आहे. प्रयोगाच्या रात्रीच त्या सोडाव्यात. लागोपाठ प्रयोग असतील तर फार तर दुसऱ्या रात्री. माणसाचे रोज 50 ते 100 केस नैसर्गिकरीत्या गळतात. वेणीत ते बाहेर पडत नाहीत, तिथेच अडकतात. आठवड्याने वेणी सोडली की कंगव्यात जी गुंतावळ येते ती पाहून मुली घाबरतात. त्यातले बरेचसे केस तसेही गळणारच होते, हे त्यांना समजावून सांगावे लागते. खरे नुकसान त्यानंतर होते, कारण त्या अडकलेल्या केसांभोवती चांगल्या केसांचा गुंता झालेला असतो आणि तो घाईने विंचरला जातो. म्हणून सोडताना खालच्या टोकापासून सुरुवात करा, पेड बोटांनी उलगडा, केसांवर थोडे पाणी व कंडिशनर शिंपडा आणि रुंद दातांच्या कंगव्याने शेंड्यांकडून वर येत विंचरा. बारीक फणी त्या रात्री हातात घेऊ नका. तालमींना रोज टोप घालण्याची गरजही नाही: वाकणे, डोईवरचा पदर आणि चष्मा यांच्याशी टोपाचा मेळ बसवायला दोन रंगीत तालमी पुरतात. बाकीच्या तालमींत डोक्याला सुती रुमाल बांधा, म्हणजे डोक्यावर काहीतरी असण्याची सवय होईल.

केस कापू नका. कमरेपर्यंतचे दाट केसही वर सांगितल्याप्रमाणे पसरले तर मध्यम मापाच्या टोपाखाली मावतात. न मावल्यास एक माप मोठा टोप घेणे हा केस कापण्यापेक्षा सोपा उपाय आहे. मागे लहान अंबाडा असलेला टोप तर तुमच्या सोयीचाच आहे, कारण एखादा शेपटा कुठे मावत नसेल तर तो नेमका त्या अंबाड्याच्या खाली बसवता येतो आणि प्रेक्षकांना तो अंबाड्याचाच भाग वाटतो.

याच संदर्भात एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण टोपाविषयी मला विचारणाऱ्यांत नाटकाशी संबंध नसलेल्या स्त्रियाही पुष्कळ असतात. केमोथेरपीमुळे किंवा चाई पडल्यामुळे केस जात असतील तर उरलेल्या केसांच्या वेण्या घालू नयेत. तेथे मऊ सुती टोपी आणि डोक्याचे नव्याने माप घेऊन निवडलेला हलका टोप, एवढेच करावे. केमोथेरपीत केस बहुधा दोन-तीन आठवड्यांत जाऊ लागतात, म्हणून टोप निवडायचा असल्यास तो उपचार सुरू होण्याआधी, स्वतःच्या केसांचा रंग आणि पोत समोर असताना निवडलेला बरा.

प्रयोगाच्या दिवसाचा हिशेब असा ठेवा. वेण्यांना पाऊण तास, शिवायला वीस मिनिटे, जाळी आणि कडेच्या रंगाला दहा, टोपाला पंधरा. वेण्या घरीच घालून या आणि त्यावर सैल ओढणी घ्या. साईखेडकर नाट्यगृह असो की कालिदास कलामंदिर, स्पर्धेच्या संध्याकाळी रंगपटात सगळा संघ एकाच आरशासाठी ताटकळत असतो आणि अशा घाईत घातलेली वेणी आवळली जातेच. टोप मात्र नाट्यगृहात पोहोचल्यावर, चेहऱ्याची रंगभूषा पूर्ण झाल्यावर घाला. नंतर दहा मिनिटे विंगेत वाकून चाला, खाली बसा, उठा, नमस्काराला वाका. काही सरकायचे असेल तर ते तेव्हाच सरकेल, आणि जास्तीच्या चार पिना मी तुमच्या जागी असते तर लुगड्याच्या ओच्यात खोचून ठेवल्या असत्या.